तांडेलाच्या गाडीचा विमा

१ जून

आजपासून मासेमारी बंद, ती थेट ऑगस्टपर्यंत. ट्रॉलर रत्नागिरीच्या मिरकरवाडा धक्क्याला बांधला, जाळी उतरवली, खलाशी आपापल्या गावी गेले आणि मी, काशीराम तांडेल, वही उघडून बसलोय. हौस माझी नाही. आमच्या आळीतली वेदिका विम्याची कामं करते, तिचा हा हुकूम. "तांडेलकाका, गाडीला काही झालं ना, की त्याच दिवशी लिहून ठेवत जा. फोनवर तुम्ही एक सांगता आणि सर्वेअर आला की दुसरंच." आता सांगताना गोष्ट थोडी रंगते, त्याला मी काय करू?

तर लिहितो. गाडी घेतली गेल्या गणपतीत. सेकंडहँड आहे, पण रंग पांढराशुभ्र. आमची सलोनी खेडला दिली आहे आणि तिला एसटी लागते. माहेरी आली की पोरीचा पहिला दिवस अंथरुणात जातो. म्हणून गाडी. वर्षभरात तीन क्लेम झाले. पहिला सोसायटीची भिंत, दुसरा विजेचा खांब, तिसरा बर्फाची हातगाडी. तिन्ही वस्तू चुकीच्या जागी उभ्या होत्या. खांबाबद्दल तर मी शपथेवर सांगीन.

तीस वर्षं बोट चालवतोय, माझ्या बोटीवर कुणाला साधं खरचटलेलं नाही. बोटीचा कप्तान तो तांडेल, आणि तांडेलाला चार चाकांचं काय कौतुक!

५ जून

वेदिका घरी येऊन गेली. पॉलिसी ऑगस्टअखेर संपते. कंपनी म्हणते, हा माणूस धोक्याचा, याचा हप्ता वाढवा. मी धोक्याचा! माझी बायको मालन आत भाकरी थापत होती, ती थांबली आणि हसली. मला ऐकू आलं.

वेदिकानं बोटांवर मोजत समजावलं. नो क्लेम बोनस गेला, तो शून्य. झिरो डेप, म्हणजे घसारा न कापणारं कलम, घेतलं होतं, त्यात वर्षाला दोनच क्लेम. ते भिंतीनं आणि खांबानं खाल्ले, म्हणून बर्फाच्या गाडीला कंपनीनं घसारा कापला. आता वाटा अशा, की एक तर वाढीव हप्ता मुकाट भरा. नाहीतर नुसता थर्ड पार्टी घ्या, तो कायद्यानं घ्यावाच लागतो, स्वस्तही पडतो. पण मग समोरच्याचं नुकसान कंपनी देणार आणि आपल्या गाडीचं आपण बघायचं. नाहीतर ठराविक रकमेपर्यंतचं नुकसान खिशातून भरीन असं लिहून द्या, की हप्ता उतरतो.

"आणि काका, लहानसहान पोचा घरच्या घरी काढायचा हो. पोच्यापेक्षा बोनस मोठा असतो."

"मग विमा कशाला गो? देवाला नारळ दिला तर देवानं राखायला नको?"

"देव राखतो म्हणूनच खांबाला काही झालं नाही," ती म्हणाली. पोरगी तोंडाळ आहे, पण कामाला चोख.

८ जून

आनंदाचा दिवस! सलोनीचा फोन आला. तिला पाचवा लागला आहे हे आम्हाला ठाऊक होतंच, पण आज तिच्या सासूबाई स्वतः बोलल्या. गणपतीच्या आधी पहिल्या बाळंतपणाला माहेरी पाठवणार. मी अंगणात दोन उड्या मारल्या. गुडघा दुखतोय.

मग जावई फोनवर आले. केतन पतपेढीत आहेत, माणूस सज्जन, पण वजनकाट्यावर घातल्यासारखं बोलतात. "बाबा, मी हिला भाड्याच्या गाडीनं पोचवतो."

"माझी गाडी दारात असताना?"

"बाबा, राग मानू नका. विमा कंपनीच तुम्हाला धोक्याचा ड्रायव्हर म्हणते. मग मी दोन जिवांना कसं बसवू?"

हे यांना कुणी सांगितलं? मालनला विचारलं तर ती लसूण सोलत होती. मान काही वर केली नाही.

पण मी हार मानणारा नाही. वेदिकानं चौथी वाट काढली. कंपनीचं एक ॲप आहे. फोन खिशात ठेवायचा, गाडी हलली की ते आपोआप मोजायला लागतं. वेग किती, वळण कसं, ब्रेक कसा, सगळ्याचे शंभरातले गुण. गुण चांगले तर हप्त्यात सूट. मी केतनना म्हटलं, ऐंशीच्या वर गुण आणून दाखवतो, मग तर सलोनीला पाठवाल? ते म्हणाले, "ऐंशी आले तर मी स्वतः तिची बॅग तुमच्या डिकीत ठेवीन."

ठरलं. माझी लेक माझ्याच गाडीतून माहेरी येणार.

१४ जून

गाडी लावणं हे लोक उगाच कठीण करतात. बोट धक्क्याला लावताना आपण काय करतो? लांबूनच इंजिन बंद करायचं, बोट आपल्या अंगानं येते आणि धक्क्याला हलकीच टेकते. गाडीचंही तेच. मी आळीच्या तोंडाशीच चावी फिरवतो. फक्त या गाडीत चावी फिरवली की स्टिअरिंग आखडतं आणि ब्रेक दगड होतो, हा बनवणाऱ्याचा दोष आहे. आज टेकली ती जरा जोरात टेकली. आमच्याच पायरीला.

मग डोकं चाललं. बोटीच्या अंगाला आपण जुने टायर बांधतो, ते का? टेकताना लागू नये म्हणून. मी स्कूटरचे चार जुने टायर आणले आणि दोन्ही बाजूंना दोरीनं टांगले. गाठी अशा मारल्या, की वादळात सुटायच्या नाहीत. गाडी काय दिसत होती! मालननं दार लावून घेतलं.

१५ जून

वेदिकानं टायर उतरवायला लावले. म्हणे, गाडीत असला बदल कंपनीला न कळवता केला तर पुढचा क्लेम सरळ नाकारतील, आणि कळवला तर पत्र वाचून सबंध ऑफिस हसेल. शिवाय दारं उघडत नव्हती. मी काल खिडकीतून उतरलो ते लिहायचं राहिलं होतं.

२२ जून

मारुती मंदिरच्या सर्कलला आज फार वेळ गेला. समुद्रावर कायदा आहे, आपल्या उजव्या हाताला दुसरी बोट दिसली तर तिला आधी जाऊ द्यायचं. सर्कलला सगळ्या गाड्या उजव्या हातानंच येतात. मी एकेकाला जाऊ दिलं. त्या संपेचनात. शेवटी हवालदार काचेशी आला आणि म्हणाला, "काका, जायचंय की मुक्काम आहे?" त्याला समुद्राचा कायदा समजावून सांगितला. त्यानं हात जोडले. तांडेलाला अजून मान आहे लोकांत.

३ जुलै

एक्केचाळीस. शंभरात एक्केचाळीस! शाळेत गणितातसुद्धा मला बेचाळीस होते.

ॲप म्हणतं, अचानक ब्रेक फार. अरे, बोटीला ब्रेक नसतो. तीस वर्षांत पहिल्यांदा हाताशी, म्हणजे पायाशी, ब्रेक आलाय. मिळालाय तर वापरणारच ना माणूस?

मालन म्हणाली, "ब्रेक दाबून थांबायचं नाय वो, आधी पाय काढायचा, मग हलकेच दाबायचा. आनि क्लच अर्ध्यावर."

मी तिच्याकडे बघतच राहिलो. शहाणपण तरी कुठून येतं बायकांना! नुसतं माझ्या शेजारी बसून बसून तिला एवढं कळायला लागलं. मी मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली.

१३ जुलै

दोन गोष्टी लिहायच्या आहेत. पहिली म्हणजे आपल्या आळीला शिस्त आली आहे. मी गाडी सुरू केली की समोर स्कूटर नाही, हातगाडी नाही, वाळत घातलेली मासळी नाही. परवा तर खंडू, माझ्याच बोटीवरचा आणि याच आळीतला खलाशी, स्वतःची कोंबडी उचलून घरात पळाला. कुणीतरी फोनवर ग्रुप केलाय म्हणे, "तांडेल निघाले" या नावाचा. मला त्यात घेतलेलं नाही, पण मान देतात हे पुष्कळ झालं.

दुसरी गोष्ट अशी, की ड्रायव्हिंग स्कूलची गाडी हल्ली दुपारी धक्क्याच्या रस्त्यावर दिसते. आज एक बाई चालवत होती, तोंडाला स्कार्फ गुंडाळलेला. दोन टेम्पोंच्या मधल्या एवढ्याशा जागेत तिनं उलटी गाडी घातली, एका दमात. मी टाळ्या वाजवल्या. तिनं वळून पाहिलं आणि घाईनं मान फिरवली. लाजली असेल. घरी येऊन मालनला म्हटलं, "बघ, बायका कुठे पोचल्या, आणि तू बस भाकऱ्या थापत."

"बसते," ती म्हणाली. आज आमटीत मीठ दुप्पट होतं.

२५ जुलै

गुण त्रेचाळीस. चढती कमान आहे.

मालन सकाळीच नेसून सवरून कुवारबावला गेली. तिची मावसबहीण तिथे आरटीओच्या बाजूला राहते. संध्याकाळी पेढे घेऊन आली. विचारलं, पेढे कसले? म्हणाली, "बहिणीची गाठ पडली म्हणून." आठवड्यातून दोनदा गाठ पडते, त्याला पेढे? पण होते चांगले. मी पाच खाल्ले.

९ ऑगस्ट

काल नारळी पौर्णिमा झाली. समुद्राला नारळ दिला, यंदा एक जास्तीचा, ॲपसाठी. उद्या पहाटे बोट बाहेर काढतो. खलाशी आले, बर्फ भरला, डिझेल भरलं. खरं सांगतो, धक्क्यावर पाय ठेवला आणि दोन महिन्यांनी छाती पुरी भरून श्वास घेतला. खाली पाणी हलत असलं की माझे पाय कसे सरळ पडतात.

पण पंचेचाळीसवर अडकलोय. सलोनी रोज विचारते, "बाबा, किती झाले?" तिला सातवा लागून आठ दिवस झाले. एसटीचा विचार आला तरी तिला मळमळतं. भाड्याची गाडी केतन ठरवणार चोवीसला. आपली गाडी दारात झाकून ठेवून मी दुसऱ्याच्या गाडीतून लेक उतरताना बघायची? त्यापेक्षा बोटीवरच थांबेन.

१३ ऑगस्ट

चौऱ्याण्णव! चौऱ्याण्णव! चौऱ्याण्णव!

अक्षर वाकडं येतंय, येऊ दे. आज दुपारी धक्क्याला लागलो, रेंज आली, खिशात फोन टिंग टिंग टिंग करायला लागला. कंपनीचा निरोप आला, "अभिनंदन काशीराम! आपण अत्यंत सुरक्षित चालक आहात. अचानक ब्रेक एकही नाही. वेग संयमित." मी डेकवरच नाचलो. खंडूला मिठी मारली, त्याच्या हातात सुरमई होती, ती आमच्या दोघांच्या मध्ये आली.

आता एक कोडं आहे खरं. मी चार दिवस गाडीला हात लावलेला नाही. पण विचार केल्यावर उलगडलं. कंपनी चाणाक्ष आहे. गाडी न चालवणारा माणूस सगळ्यात सुरक्षित, म्हणून त्याला जास्त गुण. आणि शेकडो किलोमीटर म्हणून लिहिलंय, ते जूनपासूनचं मिळून धरलं असणार.

लगेच फोटो काढून केतनना पाठवला. उत्तर आलं, "मानलं बाबा. चोवीसला या. बॅग मी ठेवतो." मी वाचून दाखवलं तर मालननं फोन हातात घेऊन निरखून पाहिला.

"अवो, दर्यात होतात तवा फोन कुठं होता?"

"खिशात. कुठं असणार?"

ती पदर तोंडाला लावून आत गेली. रडली असेल आनंदानं. खांदे हलताना दिसले.

१६ ऑगस्ट

वेदिका आली, खुर्चीत बसली, फोनवर नकाशा उघडला आणि तिला बोलताच येईना. हसून हसून डोळ्यांत पाणी. नकाशावर निळी रेघ होती. मिरकरवाड्यातून निघाली, जमीन संपली तरी थांबली नाही, सरळ आत गेली, तिथे वळणं घेतली, आणि परत आली.

"काका, कंपनीच्या हिशोबानं तुमची गाडी चार दिवस अरबी समुद्रात होती. आणि फार सुंदर चालली."

तिनं दाखवलं, प्रत्येक फेरीवर बोट ठेवून "ही गाडी मी चालवत नव्हतो" असं सांगता येतं. मीच बोट ठेवलं, समुद्रातल्या सगळ्या फेऱ्यांवर. खोट्या गुणांवर विमा घेतला आणि उद्या काही झालं, तर कंपनी हात वर करील, असं वेदिका म्हणाली. चौऱ्याण्णवाचे परत पंचेचाळीस झाले.

"जावयांना कळवलंत?"

"कळवतो," म्हटलं.

२३ ऑगस्ट

कळवलं नाही. रोज फोन हातात घेतो आणि ठेवतो. सलोनीनं बॅग भरली. तिनं मैत्रिणींना सांगितलंय, बाबा न्यायला येतायत. आता काय सांगू? आणि गुण समुद्रावरचे असले तरी माझेच आहेत ना? दुसऱ्याचे तर नाहीत. मालन विचारते, उद्या कोण चालवणार? हा काय प्रश्न झाला? मी.

२४ ऑगस्ट

झालं ते सगळं लिहितो, क्रमानं.

सकाळी निघालो. हायवेला मुंबईचे लोक गणपतीला येत होते, समोरून गाड्यांची रांग. मी सावकाश चाललो. मागच्या ट्रकनं संगमेश्वरपासून भोंगा वाजवला. परशुराम घाटात मालन म्हणाली, "दुसरा टाका, चढ हाय." टाकला. चढली गाडी. खेडला पोचलो तेव्हा माझा शर्ट घामानं पिळून निघाला होता, पण एकही पोचा नाही.

सासूबाईंनी सलोनीची ओटी भरली. केतननी बोलल्याप्रमाणे बॅग स्वतः डिकीत ठेवली. सलोनी मागे बसली, पोटाखालून पट्टा लावला आणि म्हणाली, "चला बाबा."

मी चावीला हात लावला आणि सवयीनं आरशात पाहिलं. बोट सोडण्याआधी मी एकेका खलाशाचं तोंड बघतो, तशी सवयच आहे. आरशात सलोनी होती. एक हात पोटावर, आणि माझ्याकडे बघून हसत होती. अगदी निर्धास्त. मला तीस वर्षांत वाटली नव्हती एवढी भीती वाटली. रत्नागिरीच्या पाण्यात खडक कुठे आहे ते मला डोळे मिटून सांगता येईल. घाटात पुढच्या वळणाला काय आहे ते मला ठाऊक नव्हतं, आणि ब्रेक मला अजून नीट दाबता येत नाही. अनोळखी पाण्यात माणसं घेऊन मी कधी गेलेलो नाही. मग आजच, हिलाच घेऊन जायचं?

उतरलो. केतनना म्हटलं, "ते चौऱ्याण्णव खोटे. बोटीवर मिळालेत. रस्त्यावर पंचेचाळीस. तुम्ही भाड्याची गाडी बोलवा." वाटलं, आता माणूस रागावणार.

केतन माझ्याकडे बघत राहिले, मग गाडीकडे, मग मालनकडे. तोवर ती पलीकडच्या दारानं उतरून माझ्या बाजूला आली होती.

"सरका."

"कुठे?"

"तिकडं बसा." पिशवीतून तिनं लायसन काढून केतनना दाखवलं. कोरं करकरीत.

मागून सलोनी ओरडली, "आई, मिळालं पण? बाबांना सांगितलं नाहीस अजून?" म्हणजे हिला ठाऊक! केतनना ठाऊक! सासूबाईंनासुद्धा, त्या ओठ दाबून हसत होत्या. लोटे येईपर्यंत मी मालनशी बोललो नाही.

पण काय चालवते! घाटात गाडी अशी उतरवली, की पेल्यातलं पाणी हललं नसतं. लोट्यानंतर मला राहवेना. "डावीकडे मोकळं! पुढे टँकर!" मी ओरडून सांगायला लागलो. ती म्हणाली, "दिसतंय मला. हळू बोला, पोर निजलीय." वळून पाहिलं तर सलोनी खरंच झोपली होती, तोंड किंचित उघडं, लहानपणी झोपायची तशी. उलटी नाही, मळमळ नाही. मी तोंड खिडकीकडे केलं. डोळे भरून आले होते आणि हिनं बघितलं असतं.

आळीत शिरलो तर सगळी आळी बाहेर! स्कूटर उभ्या, बर्फाची गाडी मधोमध, खंडूची कोंबडी रस्त्यात, पोरंटोरं नाचतायत. वर्षभरात एवढी गर्दी मी तिथे पाहिली नव्हती. सलोनीवर भारी जीव आहे लोकांचा. मालननं त्या सगळ्यांतून गाडी काढली आणि पायरीपासून वीतभर अंतरावर उभी केली. टेकवली नाही.

मी विचारलं, "शिकलीस कशाला गो, मला न सांगता?"

"तुमाला ऐंशी मिळाले असते तर सांगितलंच नसतं," ती म्हणाली, आणि लेकीला हात देऊन उतरवायला गेली.

२६ ऑगस्ट

उद्या गणपती. घरात मोदक-निवगऱ्यांची तयारी, सलोनी पाय पसरून बसून हुकूम सोडतेय, मला दोनदा नारळ फोडायला लावले. मधेच वेदिका आली. पॉलिसी संपायच्या आत नवी करायची होती.

पुरा विमा घेतला. लहान पोचे खिशातून काढीन असं लिहून दिलं, म्हणून हप्ता उतरला, तरी गेल्या तीन क्लेमांचा वाढीव बोजा आहेच. तो यंदा भरायचा. वर्षभर क्लेम नाही केला तर बोनस पुन्हा पहिल्या पायरीवरून चढायला लागेल. ॲप मालनच्या फोनवर घातलं.

वेदिकानं एकेक प्रश्न विचारत फॉर्म भरायला घेतला. "गाडी मुख्यतः कोण चालवणार?"

सलोनीनं माझ्याकडे पाहिलं. मालन वाटण वाटत होती, तिचा हात थांबला.

"मालन," मी म्हटलं. "मालन काशीराम. तांडेल लिही तिच्या नावापुढे."

"तशी जागा नाय हो इथं," वेदिका हसली. "आणि तुम्ही? तुम्हाला काय दाखवू?"

"मी खलाशी," म्हटलं, आणि खोबरं खवायला बसलो.